धुराच्या वासाचं ग्रेपफ्रूट-मेझकाल कॉकटेल घरी कसं जमवायचं

मेझकाल, म्हणजे अगेव्ह या झाडापासून केलेली धुराच्या चवीची मेक्सिकन दारू, आणि ग्रेपफ्रूटचं कॉकटेल करायचं म्हटलं की पहिला प्रश्न धुराचाच येतो, म्हणजे धूर आणायचा कुठून, मशीन लागतं का, लाकडाच्या चिपा कुठल्या घ्यायच्या वगैरे. माझं म्हणणं असं की धूर बाटलीत आहेच, बनवणाऱ्याने तो दिवसच्या दिवस खपून घातलाय, आपण फक्त तो झाकला जाणार नाही एवढं बघायचं. खरी मेहनत आहे ती ग्रेपफ्रूटवर, कारण प्रत्येक फळ वेगळं निघतं, एखादं गोडसर तर एखादं कडूजहर, आणि मापं डोळे झाकून ओतली तर आज मस्त जमलेलं उद्या तोंड वाकडं करायला लावतं. म्हणून मापं देतोच आहे, पण कधी चाखायचं आणि चाखल्यावर काय बदलायचं ते जास्त सांगणार आहे.

आधी बाटली

मेझकाल मेक्सिकोची, आणि तिथेही बहुतेक सगळी वाहाका राज्यात बनते. झाड अगेव्ह, मराठीत ज्याला घायपात म्हणतात त्याच कुळातलं. पानं छाटून टाकली की मधला मोठा गड्डा उरतो, तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पिन्या म्हणजे अननसच म्हणतात. हे गड्डे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात लाकडाच्या आगीने तापवलेल्या दगडांवर रचतात, वरून चोथा, चटया, माती घालून तोंड बंद करतात आणि साधारण ३ ते ५ दिवस आत भाजू देतात. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होतात, धुराचा जो वास आपल्याला येतो तो मुख्यतः यांचा, ती गड्ड्यात मुरतात आणि पुढे आंबवून दोनदा गाळलं तरी थोडी टिकून राहतात. टकिलासाठी निळं अगेव्ह बहुतेक ठिकाणी वाफेच्या भट्टीत शिजवतात म्हणून तिच्यात धूर नसतो. हे लांबण लावायचं कारण एवढंच की हा धूर भाजण्यातून आलेला आहे, त्याच्या सोबत खरपूस गोडी पण येते, आणि वरून दिलेल्या धुरीला ती गोडी कधीच येत नाही.

लेबलवर काय बघायचं? १०० टक्के अगेव्ह असं लिहिलेलं हवं. मेक्सिकोच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे मेझकालचे ३ वर्ग आहेत, नुसती मेझकाल, आर्तेसानाल म्हणजे पारंपरिक पद्धतीची आणि आन्सेस्त्राल म्हणजे त्याहून जुन्या पद्धतीची, आणि अल्कोहोल ३५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये असावं लागतं. कॉकटेलसाठी आर्तेसानाल, एस्पादिन जातीच्या अगेव्हची, होवेन म्हणजे पिंपात न मुरवलेली, आणि ४० ते ४५ टक्क्यांची घ्या. एस्पादिन लागवडीचं झाड आहे, साधारण ६ ते ८ वर्षांत तयार होतं, म्हणून त्याची मेझकाल सगळ्यात सहज मिळते आणि रसात चांगली उभी राहते. तोबालासारख्या रानटी अगेव्हची बाटली हाताशी असेल तर ती कृपया रसात घालू नका, छोट्या पेल्यात तशीच घोट घोट घ्या, ते झाड वाढायला फार वेळ घेतं आणि त्यातले बारकावे ग्रेपफ्रूट पार बुडवून टाकतं.

कोणाला धूर जास्त वाटत असेल तर ३० मिली मेझकाल आणि १५ मिली पांढरी टकिला असं मिसळा. ही युक्ती जुनी आहे, न्यूयॉर्कचा बारटेंडर फिल वॉर्ड याने २००७ मध्ये केलेल्या वाहाका ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये टकिला जास्त आणि मेझकाल थोडीच आहे, तरी नाकाला पहिली मेझकालच कळते. म्हणजे धूर थोडा पुरतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता ग्रेपफ्रूट, आणि इथे घाई नको

ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्र्याचा संकर, अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर आपोआप झालेला. कडूपणा आला पपनसाकडून, तो नारिंजिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पापुद्र्यात ठासून भरलेलं असतं. म्हणजे रस कसा काढता यावरच अर्धं कॉकटेल ठरतं. फळ हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. लाल किंवा गुलाबी गराचं फळ जास्त गोड, पांढऱ्या गराचं जास्त कडू आणि आंबट, मी स्वतः गुलाबी घेतो कारण पाक कमी लागतो आणि मेझकालची खरपूस चव मोकळी राहते.

रस काढायच्या आधी फळ फ्रीजमधून बाहेर काढून ठेवा, मग ओट्यावर तळहाताखाली दाबून दोन-चार वेळा लोळवा. आडवं कापा आणि पिळा, पण साल चेपली जाईपर्यंत पिळू नका, पांढरं घासलं गेलं की कडू उतरलंच म्हणून समजा. शेवटचे १०-१५ मिली गेले तर जाऊ द्या. बारीक गाळणीतून गाळा. मध्यम आकाराच्या फळातून १५० ते २०० मिली रस निघतो, म्हणजे दोन ग्लास आरामात होतात.

रस सकाळी काढून रात्री वापरू नका हं. ताज्या रसात जो कडूपणा नसतो तो नंतर तयार होतो, रसातल्या आम्लामुळे लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू बनत राहतं, त्यामुळे दुपारी गोड लागलेला रस रात्री जिभेच्या मागे रेंगाळायला लागतो. पाहुणे यायच्या तासभर आधी काढला तर उत्तम. बाटलीतला तयार रस मी वापरत नाही, तो उकळून टिकवलेला असतो आणि ग्रेपफ्रूटचा जो नाकात जाणारा वास असतो तो त्यात उरत नाही.

लिंबू पण लागेल, लहान पातळ सालीचं. ग्रेपफ्रूट आंबट वाटतं पण त्यात आम्ल साधारण २ टक्केच असतं, लिंबात ६ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे नुसत्या ग्रेपफ्रूटवर केलेलं कॉकटेल पचपचीत होतं आणि लोक त्यात अजून ग्रेपफ्रूट ओततात, ते अजून पचपचीत होतं. थोडं लिंबू हेच त्याचं उत्तर. आणि बाहेर उन्हात बसून लिंबं पिळत असाल तर हात लगेच साबणाने धुवा, लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, डाग तर आठवडेच्या आठवडे राहतात.

अजून एक गोष्ट, आणि ही पाहुण्यांना ग्लास द्यायच्या आधी विचाराच. ग्रेपफ्रूट काही औषधांशी जुळत नाही. कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या ब्लडप्रेशरच्या गोळीवर अल्कोहोलचा काय परिणाम होतो ते तपासत होते, अल्कोहोलची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. ते १९८९ मध्ये छापून आलं. रसातली द्रव्यं आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे औषध मोडत नाही आणि जास्त प्रमाणात रक्तात जातं. सिम्व्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, अवयव-प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन, ही सगळी त्याच यादीत. गोळी सकाळी आणि कॉकटेल रात्री असं करून भागत नाही, परिणाम एक दिवसाहून जास्त टिकतो. रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून मगच.

एका ग्लासचं माप

मेझकाल ४५ मिली
ताजा गाळलेला ग्रेपफ्रूटचा रस ६० मिली
लिंबाचा रस १० मिली, फळ फारच गोड असेल तर १५
साखरेचा पाक १५ मिली
मीठ एक चिमूट
सोडा ४५ मिली, हवा असेल तर

पाक म्हणजे साखर आणि पाणी वजनाने सारखं, गरम पाण्यात विरघळवून गार केलेलं, तार वगैरे काही बघायची नाही. अगेव्हचा पाक वापरणार असाल तर १० मिलीच घ्या, तो साखरेपेक्षा गोड असतो.

मात्र थोडा वेळ असेल तर पाक सालीचा करा, फरक जमीन-अस्मानाचा आहे. ग्रेपफ्रूट कापायच्या आधी सोलाण्याने फक्त वरची रंगीत साल काढून घ्या, पांढरं येऊ देऊ नका. एका फळाच्या साली १०० ग्रॅम साखरेत घालून हाताने चुरगळा आणि झाकून ५-६ तास किंवा रात्रभर ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते, भांड्याच्या तळाशी ओलसर सुवासिक लगदा दिसेल. त्यात १०० मिली गरम पाणी घालून ढवळा, गाळा, झालं. फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज राहतो.

मीठ वगळू नका. मीठ जिभेला कडूपणा कमी जाणवू देतं, हे खरंच होतं, खोटं वाटत असेल तर रसाचे दोन छोटे पेले घ्या, एकात कणभर मीठ टाका आणि लागोपाठ चाखा. मिठाचा पेला गोड लागेल, साखर न घालता. नुसतं खारट लागायला लागलं तर मात्र जास्त झालं.

करायची पद्धत

ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा, १५ मिनिटं पुरे.

मग मेझकाल न घालता आधी ग्रेपफ्रूट, लिंबू, पाक आणि मीठ शेकरमध्ये घ्या आणि चमच्याने चाखा. हीच ती जागा जिथे कॉकटेल जमतं किंवा बिघडतं. या मिश्रणाची चव जरा जास्त तीव्र लागली पाहिजे, सरबत म्हणून प्यायला किंचित जास्त गोड आणि जास्त आंबट, कारण पुढे बर्फाचं पाणी त्यात मिसळणार आहे. फक्त कडू लागतंय तर मीठ, तरी कडू तर पाक ५ मिली. सपक लागतंय, काही टोकच नाही, तर लिंबू ५ मिली. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, दोन्ही एकदम वाढवलं की कशाने काय झालं ते कळत नाही.

आता मेझकाल ओता. मोजून ओता, अंदाजाने नको, जिगर म्हणजे दारू मोजायचा छोटा पेला नसेल तर औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण चालतं. ४२ टक्क्यांच्या मेझकालचे ४५ मिली म्हणजे साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल, आणि रसामुळे ते जाणवत नाही, म्हणूनच किती ग्लास झाले ते लक्षात ठेवा आणि नंतर गाडी चालवायची नाही.

शेकर बर्फाने भरा, मोठे घट्ट खडे घ्या, फ्रीजरमधून काढून ठेवलेले पाणी सुटलेले नकोत कारण ते गार कमी करतात आणि पाणी जास्त सोडतात. झाकण घट्ट लावून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा, खरंच जोरात, बाहेरून शेकरवर दव धरून हाताला बोचायला लागलं की थांबा. साधारण ३० मिली पाणी मिसळतं, तेवढं हवंच असतं, त्याशिवाय चव उलगडत नाही. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी घ्या, काही बिघडत नाही.

ग्लासमध्ये नवा बर्फ घ्या, शेकरमधला नको. शेकरच्या गाळणीखाली चहाची बारीक गाळणी धरून दोनदा गाळा म्हणजे बर्फाचा चुरा आणि गर येत नाही. सोडा घालायचा तर आता, आणि एकदाच हलकं ढवळा. सोडा शेकरमध्ये कधीच घालू नका, झाकण उडतं.

शेवटी सालीचा एक रुंद तुकडा घेऊन रंगीत बाजू खाली करून ग्लासवर पिळा, तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर दिसतात. साल काठावर फिरवून आत टाका. नाक ग्लासजवळ नेल्यावर आधी ग्रेपफ्रूट आणि मागून धूर आला पाहिजे, तो क्रम मला फार आवडतो.

काठाला मीठ लावणार असाल तर अर्ध्याच काठाला आणि फक्त बाहेरून, म्हणजे पिणाऱ्याला दोन्ही बाजूंनी पिता येतं. जाड मीठ आणि थोडं लाल तिखट चांगलं लागतं. वाहाकात मेझकालसोबत साल दे गुसानो देतात, म्हणजे अगेव्हवरच्या अळ्या वाळवून मीठ-मिरचीबरोबर कुटलेलं मीठ, ते मिळालं तर नक्की वापरा, त्याला एक खमंग मांसल चव असते.

अजून धूर हवाच असेल तर

मी सुरुवातीला मेझकाल, धुरावलेलं मीठ आणि वर ग्लासला धुरी असं सगळं एकत्र केलं होतं, ते पेय चक्क राखेसारखं लागलं आणि दोन घोटांवर कोणी गेलं नाही. तेव्हापासून एकच जोड देतो, आणि ती म्हणजे भाजलेलं ग्रेपफ्रूट, कारण त्यात खड्ड्यात भाजलेल्या अगेव्हसारखीच जळकी-गोड चव येते आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

फळ आडवं कापा, कापलेल्या बाजूला चमचाभर साखर पसरा आणि लोखंडी तवा कडक तापवून त्यावर पालथं ठेवा, तेल नको. ३ ते ४ मिनिटं हलवू नका. साखर गडद तपकिरी झाली, कडांना थोडे काळे डाग आले की काढा, सगळंच काळं झालं तर कडू होतं. पूर्ण गार करून रस काढा. पण सगळा रस भाजलेला वापरू नका, उष्णतेने ताजा वास उडतो आणि रस जॅमसारखा लागतो. ३० मिली भाजलेला, ३० मिली ताजा असं घ्या आणि पाक १५ ऐवजी १० मिली करा.

ग्लासला धुरी द्यायची तर रोजमेरीची एक काडी स्टीलच्या ताटलीत पेटवा, ज्वाळा लगेच फुंकून विझवा आणि धुमसत असताना गार ओलसर ग्लास त्यावर पालथा घाला. २० सेकंद पुरतात. गार ओल्या काचेला धूर जास्त धरतो. दालचिनीची काडी पण चालते. लाकूड वापरणार असाल तर स्वयंपाकासाठीचंच, रंग-पॉलिश लावलेलं किंवा राळ असलेलं अजिबात नको. आणि हे करताना मेझकालची बाटली झाकण लावून बाजूला ठेवा, ४५ टक्क्यांची दारू पेटते.

बिघडलं तर

राखेसारखं लागतंय तर धुरी बंद करा आणि मेझकालमधले १५ मिली काढून तिथे टकिला घाला. घोट घेतल्यावर कडू चव मागे चिकटून राहतेय तर रस जुना आहे किंवा साल पिळली गेलीय, त्याला पाक घालून फायदा होत नाही, रस नवीन काढा. पाणीदार झालं तर बर्फ ओला होता. पहिला घोट छान आणि शेवटचा भकास असेल तर ग्लासमध्ये बारीक खड्यांऐवजी एक मोठा खडा घाला.

आठ जणांसाठी करायचं असेल तर जगमध्ये मेझकाल ३६० मिली, ग्रेपफ्रूट ४८०, लिंबू ८०, पाक १२० आणि मीठ पाव चहाचा चमचा, आणि शेक करणार नसाल तर वरून २४० मिली गार पाणी, हे पाणी विसरलं की सगळ्यांना कडक लागतं. जग दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, त्याहून जास्त नको, लिमोनिनचं आठवतंय ना. जगमध्ये बर्फ टाकू नका, ग्लासमध्ये टाका, आणि सोडा ज्याचा त्याने आपल्या ग्लासमध्ये.

न पिणाऱ्यांसाठी नुसता रस पुढे करणं मला पटत नाही, त्यांनाही धूर मिळायला हवा. लापसांग सूचाँग नावाचा चीनच्या फुच्यान प्रांतातला काळा चहा असतो, त्याची पानं पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. ४ ग्रॅम चहा १५० मिली उकळत्या पाण्यात ४ मिनिटं ठेवून गाळा, पूर्ण गार करा आणि मेझकालच्या जागी ४५ मिली वापरा, बाकी सगळं तेच. चहामुळे थोडा तुरटपणा येतो तेव्हा पाक ५ मिली जास्त लागेल. अल्कोहोलची जी धार असते ती मात्र यात नसते, म्हणून शेकरमध्ये आल्याचे दोन पातळ काप आधी ठेचून घ्या आणि सोडा ४५ ऐवजी ७५ मिली करा.